विजेचे मासे – ३ : पंचेचाळीस व्होल्टची मिठी

गेल्या आठवड्यात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली विद्युत ईल पाहिली. तिच्या सहाशे व्होल्टपुढे आजचा मासा किरकोळ वाटेल. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत राहणारा पॅसिफिक विद्युत पाकट फार तर ४५ व्होल्टपर्यंत जातो.

पण व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. ईल गोड्या पाण्यातली. त्यातून वीज सहजी वाहत नाही, म्हणून दाब प्रचंड लागतो. खाऱ्या पाण्यात थोड्या दाबावर भागतं, प्रवाह मात्र भरपूर हवा. पाकटाच्या डोक्याच्या दोन्ही अंगांना मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन अवयव असतात. शरीराच्या वजनाचा सुमारे १५ टक्के भाग त्यांचाच. आत असंख्य उभे स्तंभ आणि प्रत्येक स्तंभात भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या शेकडो चपट्या पेशी. चवडीमुळे दाब वाढतो, शेजारीशेजारी उभ्या स्तंभांमुळे प्रवाह. मुळात या स्नायूंच्याच पेशी. आखडणं त्यांनी सोडून दिलं, वीज तेवढी ठेवली.

हे अवयव चकतीसारख्या अंगात ठासून भरलेले, त्यामुळे इतर पाकटांसारखे पंख हलवत पोहणं याला जमत नाही. शेपटीच्या जोरावर तो संथपणे सरकतो. मग चपळ मासे याच्या तावडीत सापडतात कसे?

दिवसा तो वाळूत अंग पुरून वाट पाहतो. रात्री मात्र तळ सोडून पाण्यात तरंगत शिकार शोधतो. रिचर्ड ब्रे आणि मार्क हिक्सन यांनी १९७८ साली ‘सायन्स’मध्ये त्याच्या या निशाचरीचं वर्णन केलं. सावज टप्प्यात आलं की तो पुढे झेपावतो, चकतीच्या कडा वळवून त्याला कवटाळतो आणि झटक्यांमागून झटके देतो. सावजाचे स्वतःचेच स्नायू इतके आखडतात, की कधीकधी त्याचा कणा मोडतो. मग त्याला हळूहळू फिरवून डोक्याकडून गिळायचं. एवढ्या मंद माशाने एवढं नेमकं तंत्र कमवावं, याचं मला फार कौतुक वाटतं. पाणबुड्यांनी मात्र ते दुरूनच करावं, कारण डिवचलेला पाकट पळत नाही, तोंड उघडून अंगावर येतो.

झटक्याचा हुकूम मज्जातंतूंकडून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन आणतं आणि एक विकर ते लगेच नष्ट करतं. आपल्या स्नायूंतही हेच घडतं. पाकटाच्या अवयवांत या विकराचा साठा मोठा. त्यामुळे १९९१ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या जोएल ससमन, इस्रायल सिलमन आणि सहकाऱ्यांनी त्याची त्रिमितीय रचना उलगडली, ती याच माशापासून. अल्झायमरवरचं डोनेपेझिल हे औषध त्या विकराच्या खोबणीत कसं बसतं, हेही पुढे तिथेच दिसलं. कापसावर ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक फवारताना आपल्याकडच्या शेतमजुराला विषबाधा होते, तेव्हा ठप्प होतं ते हेच विकर.

पुढच्या आठवड्यात नाईल नदीतला विद्युत कॅटफिश.