‘ती घरीच असायची’ म्हणून भरपाई नाही?

रस्त्यावरच्या अपघातात बाई गेली की तेराव्याच्या आसपास घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं: “ती कुठे नोकरीला होती? घरीच असायची. तिचा काय क्लेम मिळणार?” बोलणारा परका नसतो. कधी दीर, कधी मामा, कधी गावातला चार बुकं शिकलेला माणूस, आणि संताप येतो तो यासाठी की कधी कधी वकीलसुद्धा. तोवर ट्रकमालकाचा माणूस पन्नास हजारांचं पाकीट घेऊन दारात आलेला असतो. ‘नाहीतरी काही मिळणार नव्हतंच’ म्हणून घरचे कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सह्या करून मोकळे होतात.

हा समज साफ चुकीचा आहे, आणि आजचा नाही, निदान पंचवीस वर्षांपासून चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागू शकतात. मृत व्यक्ती पगारदार असावी अशी अट त्यात कुठेही नाही. न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ भरपाई ठरवावी, एवढंच कायदा म्हणतो.

‘पण उत्पन्नच नाही तर हिशोब कशावर?’ हा प्रश्न रास्त आहे आणि न्यायालयांनी तो टाळलेला नाही. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्याच्या संस्थापक दिनाच्या कार्यक्रमात आग लागली. मेलेल्यांत गृहिणी आणि मुलं पुष्कळ होती. त्या प्रकरणात, लता वधवा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. रक्कम तेव्हाही तुटपुंजीच होती, पण ‘शून्य’ हे उत्तर तिथेच बाद झालं. २०१० च्या अरुणकुमार अग्रवाल निकालात न्यायमूर्ती गांगुली यांनी जनगणनेवरच बोट ठेवलं: घर चालवणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांबरोबर ‘काम न करणाऱ्यां’च्या रकान्यात बसवलं जातं. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात न्यायमूर्ती रमणा यांनी आकडे पुढे ठेवले. २०११ च्या जनगणनेत सुमारे १६ कोटी बायकांनी ‘घरकाम’ हेच मुख्य काम सांगितलं होतं, पुरुषांपैकी जेमतेम ५८ लाखांनी. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बाई बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते, पुरुष ९७. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली: गृहिणीचं मानीव, म्हणजे गृहीत धरलेलं, उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही.

हे सगळं दिल्लीतलं, आपल्याकडे कोण ऐकतं, असं वाटत असेल तर अचलपूरचं प्रकरण बघा. तिथल्या न्यायाधिकरणाने २००७ साली एका गृहिणीच्या कुटुंबाचा दावा फेटाळला होता. कारण तेच, ती कमावती नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२० साली तो निकाल रद्द केला आणि कुटुंबाला व्याजासह आठ लाखांहून अधिक रक्कम मंजूर केली. तेरा वर्षं गेली, पण ती अपील केलं म्हणून निदान फळाला आली. दावाच न लावणाऱ्याला ना तेरा वर्षं लागतात, ना रुपया मिळतो.

हिशोब कसा होतो तो एकदा नीट मांडू, म्हणजे पन्नास हजारांच्या पाकिटाची किंमत कळेल. समजा बाई ३४ वर्षांची, मागे नवरा आणि दोन मुलं. मानीव उत्पन्न महिना १०,००० धरलं तर वर्षाचे १,२०,०००. चाळिशीच्या आतल्या, पगारी कायम नोकरी नसलेल्या व्यक्तीसाठी भविष्यातली वाढ ४० टक्के. ती मिळवून झाले १,६८,०००. तीन अवलंबित असतील तर स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा, उरले १,१२,०००. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं; ३१ ते ३५ वयाला तो १६. म्हणजे १७,९२,०००. शिवाय सहवासाला मुकल्याबद्दल नवऱ्याला आणि प्रत्येक मुलाला वेगळी रक्कम, अंत्यविधीचा खर्च, मालमत्तेचं नुकसान. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने हे आकडे अनुक्रमे ४०,०००, १५,००० आणि १५,००० ठरवले आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगितली. २०२३ च्या वाढीचे ४८,४०० आणि १८,१५० धरले तर आणखी १,८१,५०० होतात. एकूण १९,७३,५००, आणि वर दाव्याच्या तारखेपासूनचं व्याज. गुणकाचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला आहे आणि न्यायाधिकरणं तोच वापरतात. आकडा प्रत्येक प्रकरणात बदलेल, पण आता सांगा, पन्नास हजार ‘मिळाले’ की वीस लाख ‘गेले’?

खेड्यात यात आणखी एक अन्याय दडलेला असतो. ‘घरीच असायची’ म्हणतात ती बाई पहाटे धारा काढते, दुपारी खुरपायला जाते, रात्री दुसऱ्यांच्या झंपरांना हुक-बटणं लावते. डेअरीची पावती नवऱ्याच्या नावे, सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, शिलाईचे पैसे हातोहात. कागदावर ती दिसत नाही म्हणून घरचेच दाव्यात फक्त ‘गृहिणी’ लिहून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. ती काय काय करायची ते सगळं दाव्यात लिहा. जिच्याकडून ब्लाउज शिवून घेतले ती शेजारीण साक्ष देऊ शकते, ज्याच्या रानात ती मजुरीला जायची तो शेतकरीही. इथे फौजदारी खटल्यासारखा ‘संशयातीत’ पुरावा लागत नाही. काय घडलं असण्याचा संभव जास्त आहे, एवढं न्यायाधिकरण पाहतं.

वयाचा पुरावाही जपून द्या, कारण गुणक त्यावरच ठरतो. जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी घातलेली लाखो आधार कार्डं आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या दाव्यात वयासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. तो शाळेतून काढून आणायला एक फेरी पडेल, ती मारा.

याच जातीचे आणखी समज थोडक्यात. ‘पोर तर दहा वर्षांचं होतं, कमावत नव्हतं’: मुलांच्या मृत्यूचीही भरपाई आहे. २०१३ च्या किशन गोपाल निकालात दहा वर्षांच्या मुलासाठी वर्षाला ३०,००० मानीव उत्पन्न धरलं गेलं. ‘विम्याचे पैसे मिळाले, आता क्लेम नाही’: आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितलं आणि समोर आपलंच एसटी महामंडळ होतं. ‘सून पुन्हा लग्न करणार, तिचा हक्क संपला’: मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विमा कंपनीचा हाच मुद्दा फेटाळला. नवरा गेल्यावर बाईने जन्मभर विधवा राहावं तर भरपाई, असा कायदा नाही. ‘ड्रायव्हर कोर्टातून सुटला’: त्याची शिक्षा आणि तुमची भरपाई या दोन वेगळ्या केसेस आहेत. ‘गाडीवर तिघे होते’: तेवढ्यावरून मृताची चूक सिद्ध होत नाही, असं २०२० चा निकाल सांगतो. ‘गाडी पळून गेली, कोणाविरुद्ध दावा लावणार?’: कलम १६१ खाली अशा मृत्यूला २ लाख रुपये आहेत आणि त्यासाठीचा अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे जातो.

राहिली मुदत. इथे मात्र लोकांचा समज जुना पडलाय. ‘क्लेमला मुदत नसते’ हे पूर्वी खरं होतं. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. ठाण्यात जाऊन तो गेला का ते विचारा, त्याची प्रत मागा. दावा अपघात झाला तिथेच लावावा लागतो असंही नाही. समजा मेंढपाळ कुटुंब बीडचं आणि अपघात नाशिकला, तरी बीडला लावता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याने बायकांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. आई गेलेल्या मुलीच्या नावे अर्ज केला तर तिच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागण्याचा प्रश्नच येत नाही. सोबत मृत्यूचा दाखला, एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसांची ओळखपत्रं आणि शाळेचा तो दाखला एवढं न्या. ट्रकमालकाचा माणूस पुन्हा आला तर वकील भेटेपर्यंत कशावरही सही करू नका.