जुन्या जोड्याला नवा रंग

पॉलिशने चामडे रंगत नाही. मेण, टर्पेंटाइनसारखा द्रावक आणि थोडे रंगद्रव्य यांचा तो लेप वरच्यावर बसतो, चमक देतो आणि घासला की निघून जातो. जोड्याचा रंग खरोखर बदलायचा तर दोनच वाटा उरतात: रंग तंतूंच्या आत मुरवायचा, नाहीतर पृष्ठभागावर लवचीक रंगाचे पातळ थर चढवायचे. यांपैकी कोणती वाट घरी साधेल हे रंगवणाऱ्याच्या हौसेवर फारसे अवलंबून नसते. ते चामडे कमावताना आणि त्यावर शेवटचा हात फिरवतानाच ठरून गेलेले असते.

कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे. ते कुजू नये म्हणून कमावतात. बाभळीची साल, हिरडा यांच्या टॅनिनमध्ये या कामाला कित्येक आठवडे लागतात आणि चामडे तांबूस-बदामी, दणकट निघते. क्रोमियमच्या क्षारांत तेच काम दिवसभरात उरकते. ऑगस्टस शुल्त्स यांनी १८८४ साली अमेरिकेत या पद्धतीचे पेटंट घेतले, मार्टिन डेनिस यांनी १८९३ मध्ये ती आणखी सोपी केली, आणि आज जगातले बहुतेक चामडे क्रोमचेच असते. ते कारखान्यात फिरत्या पिंपात, गरम पाण्यात रंगवतात आणि आम्ल घालून रंग तंतूंना पक्का बांधतात. मग त्यावर रंगाचा आणि लाखेसारख्या पारदर्शक द्रव्याचा लेप येतो. बाजारातला गुळगुळीत बूट डागाला दाद देत नाही तो या लेपामुळे, आणि घरच्या रंगालाही दाद देत नाही तोही याच लेपामुळे.

कोल्हापुरी चप्पल या रिवाजाला अपवाद आहे. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांत, झाडपाल्याच्या द्रव्यांत कमावलेल्या चामड्याची बनते. पाण्याचा थेंब टाकला की असे कोरे चामडे लगेच गडद होते; लेप दिलेल्या बुटावरून तोच थेंब ओघळून जातो. घरी रंगवायला बसण्यापूर्वी करायची याहून स्वस्त परीक्षा नाही.

टॅनिनवर कमावलेल्या चामड्याला काळे करण्याची सर्वांत देखणी रीत रंगाविना होते. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस किंवा गंजके खिळे काही दिवस भिजत ठेवायचे. बरणीचे झाकण सैल हवे, कारण आत हायड्रोजन तयार होतो. भांडी घासायची चकचकीत जाळी येथे निरुपयोगी ठरते. ती स्टेनलेस असते आणि सहजी विरघळत नाही. गाळलेले हे पाणी फडक्याने चामड्यावर फिरवले की आधी राखाडी छटा येते आणि काही मिनिटांत ती निळसर काळ्याकडे झुकते. लोह आणि टॅनिन यांचा संयोग तंतूंमध्येच होत असल्याने हा काळा रंग बोटाला लागत नाही. हिरडा आणि हिराकस यांची शाई याच विक्रियेने काळी होते. छटा फिकी राहिली तर चामड्यात टॅनिन कमी पडले असे समजावे. आधी कडक कोरा चहा लावून पुन्हा लोखंडाचे पाणी द्यावे. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणाने आम्ल मारायचे आणि वाळल्यावर तेल पाजायचे. आम्ल आत राहिले तर चामडे पुढे ठिसूळ होते. क्रोमच्या बुटावर मात्र हा सगळा खटाटोप केला तर मळकट डागाखेरीज काही हाती लागत नाही.

क्रोमच्या बुटासाठी बाटलीतला अल्कोहोलयुक्त रंग वापरतात. त्याआधी कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन जुना लेप काढावा लागतो आणि हेच काम सर्वाधिक चिकाटीचे असते. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास गॅस पेटलेला नको. लेप शिवणीत आणि घडीत दडून राहतो, आणि जिथे तो राहील तिथे रंग धरत नाही. अल्कोहोल झपाट्याने उडते, त्यामुळे हात थांबला तिथे कड उमटते. म्हणून लहान लहान गोल फेरे, पातळ थर, आणि दोन थरांमध्ये पूर्ण वाळवण. ओला असताना रंग गडद वाटतो, म्हणून निवाडा दुसऱ्या दिवशी करावा. वाळल्यावर कोरड्या फडक्याने सुटा रंग झाडायचा, कोरडे पडलेले चामडे तेलाने किंवा क्रीमने मऊ करायचे आणि वरून मेण द्यायचे.

अडचणींपैकी पहिली कोणत्याच बाटलीने सुटत नाही. मुरणारा रंग पारदर्शक असतो. तपकिरी काळे होते, पिवळे तांबडे होते, निळ्यावर पिवळा दिला तर हिरवे होते. पण काळ्याचे पिवळे कधीच होत नाही. फिकट रंग हवा असेल तर ॲक्रिलिकसारखा अपारदर्शक रंगच चढवावा लागतो. तो बुटाच्या टाचेवर सुखाने टिकतो, पण बोटांमागच्या घडीत प्रत्येक पावलाला वाकतो, आणि थर जाड असेल तर तिथेच तडकतो. चार पातळ थर एका जाड थरापेक्षा बरे, तरी कमी वाकणाऱ्या वस्तूंवरच ॲक्रिलिक शोभते.

तेलाचा त्रास कोल्हापुरीच्या बाबतीत मोठा. वर्षानुवर्षे तेल प्यालेल्या चपलेवर रंगाचे चट्टे पडतात आणि वेणीच्या आतल्या बाजूंना तर तो पोहोचतच नाही. रेक्झिनची गोष्ट वेगळीच: ॲसिटोन लागताच त्याचा वरचा थर चिकट होऊन निघून येतो. म्हणून पहिला प्रयोग जिभेच्या आतल्या बाजूवर करावा.

उरतो तो रंग सुटण्याचा प्रश्न. कारखान्यातले आम्ल आणि उष्णता घरी नसते, त्यामुळे मुरवलेला रंगही तंतूंना तितका घट्ट बांधला जात नाही. पावसात भिजलेल्या बुटातून तो मोज्यांवर उतरतो. वरचा मेणाचा किंवा ॲक्रिलिकचा थर हे लांबवतो, पूर्ण थांबवत नाही. कंबरपट्ट्याची आतली बाजू आणि पर्सचा खांद्यावर घासणारा बंद मूळ रंगातच ठेवलेला बरा; कपड्याशी सतत घर्षण होते तिथे घरचा गडद रंग फार काळ जागेवर राहत नाही.