सतरावा ठोका

फिल कॉलिन्सच्या १९८१ सालच्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये तीन मिनिटांहून जास्त वेळ ड्रमसेट गप्पच असतो, मागे नुसते रिदम मशीन चालू. मग एकाएकी टॉमवर जोडीजोडीने काही ठोके कोसळतात आणि गाण्याचा नूरच पालटतो. जगातला बहुधा सर्वांत गाजलेला ड्रम फिल हाच. वाजवायला तो मुळीच अवघड नाही. शिकाऊ ड्रमर आठवड्याभरात बसवतो. अवघड आहे ते आधी तीन मिनिटे थांबणे.

बहुतेक फिल एका बारचा असतो. चार मात्रा, प्रत्येकीचे चार भाग, म्हणजे सोळा घरे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हा सारा खेळ दोन सेकंदांत आटोपतो आणि एका ठोक्याच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग येतो. पण फिलचे खरे मोल सतराव्या ठोक्यात असते. पुढच्या बारच्या ‘वन’वर बेस ड्रम आणि क्रॅश एकदम पडले पाहिजेत. तबलजी ज्याला समेवर येणे म्हणतो, तेच हे. नवशिका नेमका इथे घसरतो. टॉमवर हात गेले की उत्साहाने लय चढते, हाय-हॅटवरचा डावा पाय थबकतो, आणि ‘वन’ आधीच येऊन बसतो.

दुसरी अडचण हातांची. स्नेअर, पहिला टॉम, दुसरा टॉम, फ्लोअर टॉम अशी मांडणी डावीकडून उजवीकडे जाते. उजवा-डावा असे आलटून पालटून प्रत्येकावर चार ठोके वाजवले, तर प्रत्येक नवा ड्रम उजव्या हाताला मिळतो, सगळे सुरळीत. आता चाराऐवजी तीन करून पाहा. दुसरा ड्रम डाव्याच्या वाट्याला येतो आणि काठ्या एकमेकींत अडकतात. यावर एक झकास तोड आहे: तिसरा ठोका पायाला द्यायचा. उजवा, डावा, पाय. उजवा, डावा, पाय. प्रत्येक गट पुन्हा उजव्यापासून सुरू होतो. लेड झेपेलिनचा जॉन बॉनहॅम हातापायांच्या अशाच तिहेरी गुंफणीसाठी ओळखला जातो. बीटल्सच्या रिंगो स्टारची गोष्ट उलटी. तो मूळचा डावखुरा आणि सेट मात्र उजव्यांचा. उजव्या ड्रमरच्या हाताला जी वाट सहज सापडते ती त्याला बंद, म्हणून त्याच्या फिलना ती लंगडी, थबकती ऐट आली. अडचणीतून एवढी सुंदर शैली क्वचितच घडते.

आता या सोळा घरांत तबल्याची तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर संपणारा एकच बोल, टाकून बघा. ‘तिरकिट धा’ ही पाच अक्षरे. पाच ठोके, एक घर रिकामे, पाच ठोके, एक रिकामे, पुन्हा पाच. बेरीज सतरा! शेवटचा ‘धा’ आपोआप ‘वन’वर. खरी मौज पहिल्या दोन ‘धां’ची आहे. पहिला पाचव्या घरात, म्हणजे बरोबर दुसऱ्या मात्रेवर पडतो. दुसरा अकराव्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेच्या अधेमधे, अधांतरी. ऐकणाऱ्याच्या पायाखालची लय क्षणभर सरकते आणि तिसरा ‘धा’ तिला जागेवर आणतो. ‘तिरकिट’ स्नेअरवर, दोन ‘धा’ दोन टॉमवर, शेवटचा क्रॅशवर. पाच, अकरा, सतरा हे तिन्ही आकडे विषम, त्यामुळे तिन्ही ‘धा’ उजव्याच हाताला येतात. मुंबईत जन्मलेल्या त्रिलोक गुर्टूंना या दोन जगांमधली ये-जा वेगळी शिकवावी लागली नसेल. ते तबल्यावरून ड्रमकडे गेले.

सराव करताना आधी तोंडाने म्हणा. तबल्याच्या तालमीत पढंत असते, ती ड्रमच्या विद्यार्थ्यालाही तितकीच लागू पडते. जे म्हणता येत नाही ते हातातून स्वच्छ निघत नाही. मग मिनिटाला ६० मात्रा ठेवून तीन बार साधा ठेका आणि चौथ्यात फिल. सुरुवातीला सबंध बार भरायची हाव नको, शेवटची एकच मात्रा भरली तरी पुष्कळ. डावा पाय हाय-हॅटवर मात्रा देत राहील. हे अंगवळणी पडले की मेट्रोनोम नेमका चौथ्या बारपुरता मुका करायचा. क्लिक पुन्हा सुरू होतो तो पाचव्या बारच्या ‘वन’वर, आणि आपण किती लवकर पोहोचलो ते तिथल्या तिथे कळते. उशिरा सहसा कुणी पोहोचत नाही.