तोहोकू प्रांतातील साकुरा

जपानी साकुराची, म्हणजे तेथील चेरीच्या फुलांची, गोष्ट निघाली की आपल्याकडे क्षणभंगुरतेचा विचार ठरल्यासारखा पुढे येतो. आठवडाभर फुलायचे आणि वाऱ्याच्या झुळकेसरशी गळून जायचे, असा ह्या फुलांचा स्वभाव. त्यावर जपानी कवींनी हजार वर्षे लिहिले आहे, आणि ते सारे खरेच आहे. पण फूल आठवड्याचे असले तरी झाड आठवड्याचे नसते. ते कोणी लावले, कोणी राखले, ते म्हातारे झाले म्हणजे त्याचे कोण करतो, हे प्रश्न फुले पाहावयास गेलेल्या माणसाच्या मनात सहसा येत नाहीत. आमच्याही मनात आधी नव्हते. जपानच्या ईशान्येकडील तोहोकू प्रांतात फिरताना ते आले, आणि म्हणून तेथील काही ठिकाणे आम्ही त्याच प्रश्नाच्या अनुरोधाने येथे दाखवणार आहोत.

तोहोकू म्हणजे होन्शू ह्या मुख्य बेटाचा उत्तरेकडचा भाग. फुकुशिमा, मियागी, यामागाता, इवाते, अकिता व आओमोरी असे सहा जिल्हे त्यात येतात. 'जिल्हे' हा शब्द आम्ही सोयीसाठी वापरतो. तेथे प्रत्येकाला लोकांनी निवडून दिलेला गव्हर्नर असतो. मुलूख डोंगराळ, थंड आणि बर्फाचा. फुले पाहावयास जाणे ह्याला जपानीत 'हानामी' म्हणतात. 'हाना' म्हणजे फूल आणि 'मी' म्हणजे पाहणे. प्रत्यक्षात पाहण्याइतकेच खाण्यापिण्याला महत्त्व असते. झाडांखाली सतरंज्या पसरून मंडळी डबे सोडतात, आणि रात्री कंदील लावून तीच फुले पुन्हा पाहतात.

हा बहर सबंध देशात एकदम येत नाही. मार्चच्या उत्तरार्धात तो दक्षिणेकडील क्यूशू व शिकोकू बेटांवर दिसू लागतो आणि उत्तरेकडे सरकत मेच्या आरंभाच्या सुमारास होक्काइदो बेटावर पोचतो. जपानी लोक ह्याला साकुराची 'आघाडी' म्हणतात, जणू काही सैन्यच चालून येत आहे. हवामानखात्याने ठिकठिकाणी नमुन्याची झाडे नेमलेली आहेत. अशा झाडावर पाच-सहा फुले उमलली म्हणजे बहर सुरू झाला असे जाहीर होते, आणि ऐंशी टक्के कळ्या उमलल्या म्हणजे पूर्ण बहर. तोहोकूत हे सारे एप्रिलमध्ये घडते: दक्षिणेकडील फुकुशिमात महिन्याच्या पूर्वार्धात, उत्तर टोकाच्या आओमोरीत अखेरीस. म्हणून ज्याला दोन आठवडे सवड आहे त्याने फुकुशिमाहून निघून आघाडीबरोबर उत्तरेकडे चालावे. मार्ग आखताना आम्ही हेच केले, आणि तरीही शेवटच्या मुक्कामी चुकलो. ते पुढे येईल.

आता झाडाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आज जपानात जी फुले सर्वत्र दिसतात ती बहुतांशी 'सोमेइ-योशिनो' नावाच्या एकाच जातीची. एदो शहराच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, कडेला सोमेइ नावाचे माळ्यांचे खेडे होते. तेथून एकोणिसाव्या शतकात ही जात पसरली. एदोहिगान आणि ओशिमा ह्या दोन चेरींचा हा संकर. पाने फुटण्यापूर्वीच फुले येतात, म्हणून सारे झाड फिक्या गुलाबी ढगासारखे दिसते. पण ह्या जातीची वाढ बीपासून होत नाही, कलमानेच होते. आपल्याकडे हापूसची कोय लावून हापूस मिळेलच असे नाही, खात्रीचे झाड हवे तर कलमच बांधावे लागते, हे बागाईतदार जाणतात, तसेच हे. परिणाम असा की जपानातील यच्चयावत सोमेइ-योशिनो ही एकाच झाडाची अंगे आहेत. एका गावातील हजार झाडे एकाच दिवशी फुलतात ह्याचे रहस्य हेच. आणि दुसरीही गोष्ट ह्यातूनच येते. ज्यांना एकत्र लावले ती एकत्र म्हातारी होतात. ह्या झाडाचे आयुष्य साठ वर्षे, असा जपानात सर्वसाधारण समज आहे. युद्धानंतरच्या दोन दशकांत तेथे ही झाडे फार मोठ्या संख्येने लावली गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे आज किती गावांना ही चिंता लागली असेल ते कळते.

फुकुशिमातील मिहारू गावी आहे ते मात्र कलमाचे सार्वत्रिक झाड नव्हे. 'मिहारू' म्हणजे तीन वसंत. तेथे उमे, पीच आणि साकुरा ही तिन्ही एकाच वेळी फुलतात म्हणून हे नाव पडले असे सांगतात. गावाबाहेर एका उतारावर एदोहिगान जातीचे, झुकत्या फांद्यांचे एक झाड उभे आहे. उंची सुमारे १२ मीटर आणि वय हजार वर्षांहून अधिक मानतात. फांद्या चारी बाजूंनी धबधब्यासारख्या खाली येतात, म्हणून त्याला 'ताकी-झाकुरा' म्हणजे धबधब्याचा साकुरा म्हणतात. १९२२ साली सरकारने त्याला राष्ट्रीय संरक्षण दिले. वृद्ध फांद्यांना खालून लाकडी टेकू दिलेले आहेत. काही प्रवाशांना ते टेकू छायाचित्रात नको असतात. आम्हांला मात्र ते आवडले.

मिहारूच्या पूर्वेस समुद्राकाठी तोमिओका नावाचे गाव आहे. त्यातील योनोमोरी ह्या वस्तीत १९००च्या सुमारास, माळरान लागवडीखाली आणल्याची आठवण म्हणून, सोमेइ-योशिनोची झाडे लावण्यात आली. पुढे ती वाढत जाऊन रस्त्यावर दोन किलोमीटरांहून अधिक लांबीची फुलांची कमान झाली. ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला, समुद्र आत आला, आणि शेजारच्या अणुवीजकेंद्रात अपघात झाला. दुसऱ्या दिवशी सुमारे सोळा हजार वस्तीचे हे सबंध गाव रिकामे करण्यात आले. त्यानंतर महिन्याभराने झाडे नेहमीप्रमाणे फुलली. खाली कोणी नव्हते.

तोमिओकाच्या लोकांपैकी काहींना आश्रय मिळाला तो मिहारूत. तेथे त्यांच्यासाठी तात्पुरती घरे उभी राहिली, आणि तोमिओकाच्या शाळा तेथील एका बंद कारखान्याच्या इमारतीत भरू लागल्या. म्हणजे आपल्या गावचा साकुरा सोडून आलेली मुले त्या हजार वर्षांच्या झाडाच्या गावात शिकत होती. २०१७ साली तोमिओकाच्या बऱ्याच भागावरील बंदी उठली. योनोमोरीचा बराचसा भाग तरीही बंदच होता, आणि कमानीतून जाणाऱ्या रस्त्याला मध्येच फाटक लागे. १ एप्रिल २०२३ रोजी, बहराच्या दिवसांतच, ती बंदीही उठली. आज तेथे कोणीही जाऊ शकतो. परतलेले लोक पूर्वीच्या मानाने थोडे आहेत. घरे पाडून मोकळ्या झालेल्या जागांसमोर शतकाहून जुनी झाडे फुललेली पाहताना आपण हानामीला आलो आहोत असे म्हणावयास जीभ धजत नाही. पण परत आलेल्या लोकांनी फुलांचा उत्सव पुन्हा सुरू केला आहे, आणि पाहुण्यांनी यावे अशीच त्यांची इच्छा असते, तेव्हा जावे.

मियागीत शिरोइशी नदीच्या काठाने सुमारे आठ किलोमीटर झाडांची रांग आहे आणि मागे झाओ पर्वताची बर्फाळ शिखरे दिसतात. ही झाडे ओगावारा गावच्या, तोक्योत उद्योग करून श्रीमंत झालेल्या एका गृहस्थाने १९२३ पासून आपल्या गावाला देणगी म्हणून दिली. आगगाडीचा मार्ग काठालगतच आहे, त्यामुळे घाईत असलेल्यालाही खिडकीतून दर्शन घडते. इवातेतील किताकामी शहराचे तेनशोची उद्यान १९२१ सालचे. तेथे दोन किलोमीटरांच्या रस्त्यावर घोड्याच्या गाडीतून फिरवतात. गर्दी पुष्कळ, आणि खरे सांगायचे तर आम्ही तेथे फार रमलो नाही. त्याच जिल्ह्यातील मोरिओका शहरात न्यायालयासमोर एक प्रचंड ग्रॅनाइटचा धोंडा आहे आणि त्याच्या चिरेतून एक साकुरा वर आला आहे. १९३२ साली न्यायालयाची इमारत जळाली तेव्हा त्याची एक बाजू होरपळली; पुढील वर्षी ते पुन्हा फुलले.

अकितातील काकुनोदाते गाव मात्र घाईने पाहू नये. सामुराईंची जुनी घरे, त्यांभोवती काळ्या लाकडी कुंपणांच्या उंच भिंती, आणि त्यांवरून खाली लोंबणाऱ्या फिक्या गुलाबी फांद्या. ह्या झुकत्या साकुराची मूळ रोपे सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी क्योतोहून आली असे परंपरा सांगते. काळ्या रंगापुढे फूल कसे उठून दिसते हे त्या घरमालकांना पुरते उमगले होते. गावालगत हिनोकिनाइ नदीच्या बांधावर सोमेइ-योशिनोची दोन किलोमीटरांची रांग आहे. ती १९३४ साली, राजपुत्राच्या जन्माप्रीत्यर्थ लावलेली. तो राजपुत्र पुढे सम्राट आकिहितो झाला, २०१९ साली सिंहासनावरून निवृत्तही झाला. झाडे अजून आहेत.

आता शेवटचा मुक्काम, आओमोरीतील हिरोसाकी. येथील किल्ला १६११ सालचा. १८६८ नंतर सरंजामशाही गेली आणि किल्ला ओस पडला, तेव्हा किकुची तातेए नावाच्या एका माजी सामुराईने १८८२ साली तेथे सोमेइ-योशिनोची हजार रोपे लावली. त्याच्याच वर्गातील काही जणांना ह्याचा संताप आला. ज्या किल्ल्यासाठी पूर्वजांनी तलवार धरली त्याचे लोकांच्या मौजेचे ठिकाण करणार काय, असे म्हणून त्यांनी पुष्कळशी रोपे उपटली व तोडली. तरी काही वाचली. त्यांपैकी एक आजही उभे आहे, आणि माहीत असलेल्या सोमेइ-योशिनोंत ते अतिशय जुन्यांपैकी गणले जाते. पुढे इतरांनीही झाडे दिली. आज उद्यानात सुमारे २६०० झाडे आहेत, आणि शंभरी ओलांडलेली सोमेइ-योशिनो तीनशेहून अधिक.

साठ वर्षांच्या झाडाने शंभरी कशी गाठली? ह्याचे उत्तर सफरचंदात आहे. साकुरा छाटणारा मूर्ख आणि उमे न छाटणारा मूर्ख, अशी जपानात म्हण आहे. साकुराची फांदी तोडली की जखमेतून बुरशी शिरते आणि लाकूड कुजते, म्हणून त्याला कोणी हात लावीत नसे. पण हिरोसाकीभोवतीचा प्रदेश सफरचंदांचा. जपानातील निम्म्याहून अधिक सफरचंदे आओमोरीत पिकतात. १९६०च्या सुमारास उद्यानातील झाडे थकू लागली, तेव्हा तेथील कामगारांनी सफरचंदाची पद्धत साकुराला लावून पाहिली. म्हातारी फांदी कापावयाची, जखमेला औषधाचा लेप द्यावयाचा, भरपूर खत घालावयाचे, आणि बुंध्याजवळून नवी फांदी येऊ द्यावयाची. सफरचंद आणि साकुरा दोन्ही गुलाबाच्या कुळातील, तेव्हा हा प्रयोग अगदीच आंधळा नव्हता. झाडे तरुण झाली. एरवी एका कळीतून तीन-चार फुले निघतात. येथे चार-पाच आणि क्वचित त्याहूनही अधिक निघतात. मौज अशी की आओमोरीत सफरचंदाची लागवड रुजविणाऱ्यांत अग्रगण्य होता तो हाच किकुची. त्याने आणलेल्या एका झाडाच्या विद्येने त्यानेच लावलेले दुसरे झाड वाचविले.

आम्ही हिरोसाकीस पोचलो तेव्हा बहर संपून पाच दिवस झाले होते. झाडांवर कोवळी पाने आली होती, आणि सारी फुले खंदकात उतरली होती. पाणी दिसतच नव्हते. काठापासून काठापर्यंत गुलाबी पाकळ्यांचा थर, त्यातून एखादे बदक गेले की मागे काळी रेघ उमटे आणि हळूहळू मिटे. ह्याला तेथे फुलांचा तराफा म्हणतात, आणि मुद्दाम तोच पाहावयास येणारेही पुष्कळ असतात. तेव्हा उशिराची खंत आम्ही फार केली नाही.

चूक मात्र सर्वस्वी आमची नव्हती. साकुराच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि शरद ऋतूत झोपी जातात. हिवाळ्याच्या कडक थंडीने त्यांची झोप मोडते, आणि मग वसंताची ऊब साठत जाऊन त्या उमलतात. ऊब लवकर आली की फूल लवकर. क्योतोतील बहराच्या नोंदी रोजनिशांतून व बखरींतून इ. स. ८१२ पर्यंत मागे नेता येतात. २०२१ साली तेथे २६ मार्चलाच पूर्ण बहर आला, आणि तोपर्यंतच्या बाराशे वर्षांत इतका लवकर तो कधी आला नव्हता. हिरोसाकीचा उत्सव वर्षानुवर्षे एप्रिलअखेर व मेच्या आरंभी येणाऱ्या सलग सुट्ट्यांशी जुळत आला आहे. अलीकडे कित्येक वर्षी पाहुणे सुट्टीत येतात आणि फुले आधीच गेलेली असतात. उन्हापुढे सफरचंदाची विद्याही चालत नाही. जाणाऱ्याने जुन्या पुस्तकातील तारखांवर विसंबू नये, त्या वर्षीचे अंदाज पाहून निघावे.

छाटणीचे काम भर हिवाळ्यात, फेब्रुवारी-मार्चमध्ये चालते. उद्यानात तेव्हा बर्फ असते आणि शिड्या त्यातच उभ्या कराव्या लागतात. कापलेल्या डहाळ्या फेकून देत नाहीत, गावकऱ्यांना वाटतात. लोक त्या घरी नेऊन पाण्यात ठेवतात, आणि बाहेर बर्फ असतानाच घरात त्यांना फुले येतात.