सूर्यास्तापूर्वीचे सीताफळ क्रीम

गोंदिया तालुक्यातील कामठा हे एकेकाळच्या मोठ्या जमीनदारीचे गाव. भोवताली धानाच्या बांध्या, तलाव आणि पलीकडे बालाघाटकडे जाणारे जंगल. दसरा उलटला आणि हलका धान कापणीला आला की याच सुमारास बाजारात सीताफळाच्या टोपल्या दिसू लागतात. शेजारच्या मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्याने तर ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत सीताफळाचीच निवड केली आहे. तेव्हा या भागातील जैन व्यापारी कुटुंबांत दिवाळीच्या दिवसांत पाहुण्यांसाठी सीताफळ क्रीम करण्याचा बेत ठरतो, यात नवल नाही. नवल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. पदार्थ होतो, सुंदर होतो, काचेच्या वाट्यांतून मांडलाही जातो. आणि घरातील सर्वांत वडील व्यक्ती, जिच्यासाठी पुष्कळदा एवढा खटाटोप केलेला असतो, ती हात जोडून ‘मला चालणार नाही’ म्हणते.

असे होण्याची कारणे बहुधा चवीत नसतात, कृतीत असतात. छापील पाककृती जिथून येते तिथे रात्रीच्या जेवणानंतर गोड खाण्याची पद्धत असते, जिलेटीनने पदार्थ घट्ट करतात, वरून मध घालतात, बर्फाचा चुरा टाकतात, आणि ‘रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा’ ही सूचना तर हटकून असते. यातील प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या नियमाला अडते. बावीस अभक्ष्यांत हिम म्हणजे बर्फ येतो, मध ही महाविगई, रात्रिभोजन वर्ज्य, आणि रात्र उलटलेला पदार्थ चलितरस या शंकेत सापडतो. नियम किती कसोशीने पाळायचे हे पंथापंथांत आणि घराघरांत निराळे असते. परंतु पंगतीत एक जरी कडक नियमाचा माणूस असेल तर कृती त्याच्या मापाने बेतावी, हे व्यवहाराला धरून आहे. इतरांचे त्यात काही उणे होत नाही.

प्रथम फळाविषयी. सीताफळ मूळचे अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांबरोबर ते इकडे आले असे सामान्यतः मानले जाते. इकडे मात्र ते असे रुजले की दौलताबादच्या किल्ल्याचा परिसर आणि बीडच्या बालाघाट डोंगररांगा त्याच्यासाठी ओळखल्या जाऊ लागल्या. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात नवनाथ कसपटे यांनी निवडीतून तयार केलेले ‘एनएमके-१ गोल्डन’ हे वाण गर जास्त, बिया कमी आणि टिकाऊपणा अधिक या गुणांमुळे दूरच्या बाजारपेठांत पोचले. क्रीमसाठी असे फळ सोयीचे असते. तरीही जंगली झाडाच्या लहान फळाला जो सुगंध असतो तो मोठ्या फळात क्वचितच सापडतो. दोन्ही मिळत असतील तर निम्मे-निम्मे घ्यावे.

डोळ्यांमधल्या खाचा पिवळसर-पांढऱ्या झालेले, पण अजून टणक असलेले फळ विकत घ्यावे. पूर्व विदर्भात ते धानाच्या तणसात किंवा तांदळाच्या डब्यात ठेवून पिकवितात. दोन ते चार दिवसांत पिकते. कच्चे फळ फ्रीजमध्ये ठेवू नये, साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही. डोळ्यांच्या खाचांत पिठ्या ढेकूण हा पांढरा कीटक दडलेला असतो. म्हणून फळ उजेडात, अंगणात नेऊन मऊ कुंचल्याने हळुवार झाडावे आणि मगच धुवावे. दिव्याच्या प्रकाशात हे काम करू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काही घरांत सीताफळच वर्ज्य असते. खाण्याचा भाग थोडा आणि टाकण्याचा फार, म्हणून ते तुच्छ फळात मोजतात. त्यांनी वाद घालीत न बसता हीच कृती चिकूने करावी. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तरी त्या घरांचे निरीक्षण चुकीचे नाही. सीताफळाच्या वजनातील साधारण निम्मा भाग साल आणि बी यांत जातो. म्हणजे किलोला जो भाव दिला, त्याच्या दुप्पट भाव प्रत्यक्षात गराला पडला असे धरूनच खरेदी करावी. घाऊक खरेदीत तर हे गणित आधी मांडावे.

आता दुधाकडे वळू. आठ माणसांसाठी एक लिटर फुल क्रीम दूध घ्यावे. या दुधात प्रमाणानुसार ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्केच. टोन्ड दूध आटवले तर वेळ आणि गॅस दोन्ही वाया जातात. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर, बाजूची साय खरवडून आत घेत, ते सहाशे मिलिलिटरपर्यंत आटवावे. साखर पन्नास ग्रॅम पुरे, कारण फळ स्वतःच फार गोड असते. चार वेलदोड्यांची पूड आणि आवडत असल्यास केशराच्या पाच-सहा काड्या घालाव्या. व्हॅनिलाच्या अर्कात पुष्कळदा अल्कोहोल असते, त्यापेक्षा वेलदोडा बरा.

दाटपणासाठी काय वापरावे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. अरारूट हे कंदाचे पीठ आहे. मध्य भारतातील जंगलांतून येणारा, उपवासाला वापरला जाणारा तिखूरही रानहळदीच्या जातीच्या कंदापासून करतात. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्या घरात दोन्ही चालत नाहीत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, कारण पांढऱ्या पिठाकडे पाहून त्याचे कूळ कळत नाही. मक्याचे पीठ चालते. कस्टर्ड पावडर म्हणजे तरी मक्याचे पीठ, रंग आणि सुवासच. तिच्या नावामुळे अनेकांना अंड्याची शंका येते. वस्तुतः १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती तयार केली तीच मुळी पत्नीला अंडे सोसत नव्हते म्हणून. तथापि सीताफळ क्रीमला पावडरीची गरज नाही. वीस ग्रॅम काजू तासभर भिजवून, बारीक वाटून उकळत्या दुधात घातले की पुरेसा दाटपणा येतो आणि फळाचा सुगंधही झाकला जात नाही.

तयार क्रीमविषयी सर्वांत मोठा गैरसमज आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या पाकिटातील ‘फ्रेश क्रीम’मध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो. क्रीम फुगण्यासाठी तो किमान ३० ते ३५ टक्के लागतो. म्हणून ते पाकीट कितीही घुसळले तरी फुगत नाही, आणि दोष मात्र करणारीच्या हाताला दिला जातो. दुसरीकडे, फुगणारे म्हणून जे डबे मिळतात त्यांतील बरेचसे दुधाचे नसून वनस्पतिजन्य चरबीचे असतात. हिरवे चिन्ह त्यांच्यावरही असते. पण ते दुग्धजन्य असल्याचा दाखला नव्हे. वेष्टनावरील बारीक अक्षरे कर्जाच्या कागदासारखी वाचावी. ४२८ हा क्रमांक जिलेटीनचा, १२० हा किड्यापासून काढलेल्या लाल रंगाचा. ४७१ क्रमांकाचे द्रव्य वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य कसेही असू शकते. भारतात हिरवे चिन्ह असेल तर ते प्राणिजन्य नसावे असा नियम आहे, परदेशातून आलेल्या डब्यावर मात्र अशी खूण नसेल तर तो डबा बाजूला ठेवावा.

सीताफळ क्रीमसाठी क्रीम फुगविण्याची आवश्यकताच नाही. दोनशे मिलिलिटर क्रीम थंड करून चमच्याने एकजीव करावे, इतकेच. दाट क्रीम जास्त घुसळले तर ते फुटून लोणी निघते. लोणी हीही चार महाविगईंपैकी एक, त्यामुळे कडक नियमाच्या घरात तो पदार्थ तिथेच बाद होतो. ज्या घरांत दूध काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत गाळून तापविण्याची मर्यादा पाळतात, तिथे पाकीट मुळातच चालत नाही. तिथे पहाटे आलेले दोन लिटर म्हशीचे दूध तापवून चार-पाच तास हालवाहालव न करता निवू द्यावे आणि त्याच दिवशीची दाट साय घ्यावी. आठवडाभर साठविलेली साय मुळीच वापरू नये.

आता या कृतीचा कणा. सीताफळाचा गर गरम दुधात कधीही घालू नये. आच लागली की तो कडसर होतो. रबडी उत्तम जमूनही ‘घशाशी काहीतरी लागते’ अशी तक्रार येते तिचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते. दूध पूर्ण निवलेले, पातेल्याला हात लावला तर गारच लागेल असे झाल्यावर गर मिसळावा. सहा मध्यम फळांतून साधारण चारशे ग्रॅम गर मिळतो. तो पुरणाच्या मोठ्या भोकांच्या चाळणीवर लाकडी चमच्याने फिरवून काढावा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नये. बी कठीण असली तरी फुटली तर विषारी असते आणि तिची पूड डोळ्यांना फार अपायकारक ठरते. मिक्सरने गराचे पीठही होते. खाताना जिभेवर गराच्या पाकळ्या लागल्या पाहिजेत. हवा लागून गर तपकिरी पडतो, म्हणून तो आधी काढून ठेवू नये, काढताच दुधात जावा.

मुंबईच्या चौपाटीवर आणि हाजी अलीच्या रस दुकानांत सीताफळ क्रीम लोकप्रिय आहे. रघुनंदन कामत यांनी १९८४ साली जुहूला ‘नॅचरल्स’चे पहिले दुकान थाटले तेव्हापासूनच्या स्वादांत सीताफळ होते. मंगळुरूजवळच्या मुलकी येथील फळविक्रेत्याचा हा मुलगा. फळ पारखण्याचा घरचा वारसा त्यांनी व्यापारात उतरवला. बियांमुळे सीताफळाकडे पाठ फिरविणारे ग्राहक या आइस्क्रीममुळे त्याच्याकडे वळले. व्यापारी घरातील वाचकांना यातील धडा निराळा सांगायला नको.

मात्र मुंबईचे वेळापत्रक कामठ्याला लावू नये. गोंदिया मुंबईच्या पूर्वेला सुमारे सात रेखांशांवर आहे, म्हणून सूर्य तिथे जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. दिवाळीच्या सुमारास साडेपाचच्या आसपास सूर्यास्त होतो. मुंबईहून आलेले पाहुणे पाचच्या सुमारास ‘अजून वेळ आहे’ म्हणतात आणि चौविहार करणाऱ्यांची वाटी भरलेलीच राहते. सकाळी नऊला दूध गॅसवर चढवावे, दहाच्या आत आटते. पातेले परातीतील गार पाण्यात ठेवून, दोनदा पाणी बदलले की बारापर्यंत पूर्ण निवते. तोवर फळे झाडून-धुऊन घ्यावी. साडेबाराला गर आणि क्रीम मिसळून पातेले झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. साडेतीनला ते वाढण्याजोगे होते. बर्फ कुठेही लागत नाही. फ्रीज वापरत नसलेल्या घरात माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेले पितळी, कल्हई केलेले पातेले ठेवतात. त्याने पदार्थ शीतल होतो, गार होत नाही. अशा वेळी गर मिसळल्यापासून दोन तासांच्या आत तो संपवावा. आटवलेले दूध, साय आणि गोड फळ यांचे हे मिश्रण उबदार हवेत फार लवकर बिघडते. मोठ्या पंगतीत याच कारणाने पातेले मंडपात उघडे ठेवू नये, लागेल तसे थोडे थोडे बाहेर काढावे.

वाढताना वाटी लहान घ्यावी. या मापात दुधाचे साठ आणि क्रीमचे पन्नास असा एकूण सुमारे एकशे दहा ग्रॅम स्निग्धांश येतो. आठ जणांत वाटल्यास प्रत्येकी जवळजवळ चौदा ग्रॅम. मधुमेह असणाऱ्या मंडळींनी साखर वगळली तरी फळाची आणि दुधाची साखर उरतेच, हे ध्यानात ठेवावे. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे वर्ज्य असणाऱ्यांसाठी, किंवा विगईचा त्याग असणाऱ्यांसाठी हा पदार्थ नव्हे. पंचांग पाहूनच बेत ठरवावा.

सीताफळाचा मोसम सरला की थंडीत नागपुरी संत्रे येते. त्याच्या फोडींची पातळ साल आणि बिया काढून, गर निथळून, वाढण्याच्या अगदी आधी मिसळावा. आधी मिसळला तर आंबटपणाने दूध फाटते. अननस कच्चा घालू नये, त्यातील पाचक द्रव्याने क्रीम कडू होते. साखरेच्या पाकात शिजवून निववला तर चालतो. उन्हाळ्यात आंबा आहेच, पण तो बहुतेक घरांत २१-२२ जूनच्या सुमारास आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंतच. त्यानंतर दसऱ्यापर्यंत चिकू आणि केळे यांवर भागवावे. केळे वाढताना कापावे.