पालापाचोळ्याला काडी लावू नका

फेब्रुवारी सरत आला की विहारासमोरचा पिंपळ पाने टाकू लागतो. रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष आणि करंजही त्याच सुमारास झडतात. सकाळी झाडलेले आवार दुपारपर्यंत पुन्हा भरते. मग पानांचा ढीग होतो आणि संध्याकाळी कोणीतरी त्याला काडी लावते. जागा मोकळी झाली, डासही पळाले, असे वाटते. जागा मोकळी होते हे खरे. डास मात्र धूर विरला की परत येतात, कारण ते ज्या पाण्यात वाढतात ते पाणी तिथेच असते.

पाने लाकडासारखी भडकून जळत नाहीत. वरची पेटतात, आतली ओलसर पाने तासन्‌तास धुमसत राहतात. अशा अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि अतिशय बारीक कण निघतात. यातले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहून बारीक असतात. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही तर रक्तातही उतरतात. शिवाय वस्तीतला ढीग नुसत्या पानांचा कधीच नसतो. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, वायरचे तुकडे त्यात असतातच. वायरवरचे प्लास्टिक जळले की डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात.

मोकळ्या कॉलनीत हा धूर पांगतो. आपल्या चार-सहा फुटांच्या गल्लीत तो पत्र्याखाली साठून राहतो, आणि घराला खिडकी एकच. पहाटेच्या गारठ्यात तर धूर वर चढतच नाही. दम्याचे मूल, गरोदर बाई, क्षयाच्या गोळ्या चालू असलेला माणूस, हृदयविकाराचे आजोबा यांना त्याचा त्रास सर्वांआधी होतो. ढीग पेटल्यावर मुलाला खोकल्याची उबळ आली किंवा छातीत सूं-सूं आवाज येऊ लागला, तर ‘हवा बदलली’ म्हणून सोडून देऊ नका. मुलाला धुरापासून दूर न्या, डॉक्टरांनी दिलेला पंप वापरा आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील तर सरळ दवाखाना गाठा.

काडी कोण लावते याचाही विचार करावा. बऱ्याचदा झाडणाऱ्या ताईने ढीग केलेला असतो, गाडी उचलायला येत नाही आणि मुकादम विचारतो की ढीग अजून इथेच कसा. सगळ्यांत आधी धूर तिच्याच नाकात जातो, आणि ती पुष्कळदा आपल्याच घरातली असते. तिच्याशी भांडून काही होणार नाही. भांडायचे तर गाडीसाठी भांडावे. काही ठिकाणी शेजारच्या सोसायटीच्या बागेतली छाटणी आपल्या नाल्याच्या कडेला आणून टाकतात आणि पेटवतात. बाग त्यांची आणि धूर आपल्याला, हे निमूटपणे सोसण्याचे कारण नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला आणि गटारात टाकायला मनाई केली आणि बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये भरपाईचा आदेश दिला. पानगळीच्या महिन्यांत पाने उचलायला वेगळी गाडी पाठवा आणि पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या फांद्या त्याच दिवशी उचला, असा अर्ज वॉर्ड ऑफिसला मंडळाच्या लेटरहेडवर सह्यांनिशी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही.

गाडी येईपर्यंत पाने नाल्यात ढकलणे हाही उपाय नव्हे. पहिल्याच मोठ्या पावसात तीच पाने जाळीला अडकतात आणि पाणी घरात शिरते. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाला जखम असेल तर लेप्टोचा धोका तिथूनच येतो.

खरे तर वाळलेले पान हा वस्तीतला सर्वांत उपयोगी कचरा आहे. घरातला ओला कचरा एकटा कुजवला की तो चिकट होतो, वास मारतो, त्यात अळ्या पडतात. नुसती पाने ठेवली तर कुजायला सहा महिने ते वर्ष लागते. दोन्ही एकत्र आले की जिवाणूंना पानांतला कर्ब आणि भाजीच्या देठांतले नत्र हवे तसे मिळते, आणि तीन-चार महिन्यांत खत होते. प्रमाण मापाने धरावे. एक डबा ओला कचरा, त्यावर दोन ते तीन डबे पाने.

जागा नाही, ही अडचण खरी आहे. पण त्याला खड्डा लागत नाही. विहाराच्या आवारात कोंबडीजाळीचा तीन फूट रुंद, तीन फूट उंच गोल उभा केला तरी काम होते. घरापुरते करायचे तर भोके पाडलेला जुना ड्रम किंवा भाजीचा क्रेट चालतो. पिंपळाचे पान चिवट असते, म्हणून आधी पायाखाली चुरडून घ्यावे. खाली फांद्यांचे तुकडे म्हणजे हवा खेळते, मग पाने, मग देठ-साली, पुन्हा पाने. सुरुवातीला थोडे शेण कालवलेले पाणी किंवा जुने खत शिंपडावे. ओल किती असावी? मूठभर घेऊन दाबले की हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आठवड्याला एकदा काठीने खालीवर करावे. मधे हात लावला तर गरम लागेल, ते चांगले लक्षण आहे. वास आला तर पाणी जास्त झाले आहे, आणखी पाने घालावीत. मटणाची हाडे, मासळी, शिजलेले अन्न टाकू नये, नाहीतर उंदरांना जेवणाचे आमंत्रण दिल्यासारखे होईल. पावसात वरून ताडपत्री टाकावी, पण तिच्या खळग्यात पाणी साचू देऊ नये. डेंग्यूच्या डासाला तेवढेच पुरते.

ढीग हलवताना पायात बूट, तोंडावर रुमाल हवा आणि आधी पाणी शिंपडावे, कारण कोरड्या ढिगातून बुरशी उडते. दम्याच्या माणसाने हे काम दुसऱ्यावर सोडावे. हात घालण्याआधी काठी फिरवावी, विंचू असू शकतो. काच लागली तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

नारळाच्या झावळ्यांचे हीर काढून खराटे करता येतात. 14 एप्रिलच्या हारांची फुलेही यातच जिरतात, मात्र दोरा, जर आणि थर्माकोल आधी काढावे. ही फुले झेंडूची असतात, पाकळ्या मोकळ्या केल्या तर लवकर कुजतात. विहारात रोज वाहिलेली फुलेही त्यातच घालावीत.

खत काळपट, भुसभुशीत झाले आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला की ते तयार झाले. न कुजलेले देठ चाळून परत ढिगात टाकावेत. दाराशी डब्यात लावलेल्या मिरची, कढीपत्ता, कोथिंबिरीला मूठ-दोन मुठी पुरतात. उरलेले पिंपळाच्या बुंध्यापासून हातभर अंतर सोडून गोल पसरावे.