ग्रह कोणास म्हणावे?

आपल्या धर्मकृत्यांत नवग्रहांचे पूजन होते आणि शाळेच्या पुस्तकांतही कित्येक वर्षे नऊच ग्रह होते. परंतु हे दोन नऊ एक नव्हेत. पूजेतील नवग्रहांत सूर्य व चंद्र आहेत, राहू व केतू आहेत. आपली पृथ्वी मात्र नाही. जुन्या ज्योतिषाच्या दृष्टीने हे यथायोग्यच होते. ताऱ्यांमधून जे मार्ग क्रमिताना दिसते तो ग्रह. आणि चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गास जेथे छेदतो ते दोन बिंदू म्हणजे राहू व केतू. १५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने सूर्यास मध्यभागी बसविले. पुढे हे मत मान्य झाले, तेव्हा सूर्य आणि चंद्र ग्रहांच्या पंक्तीतून उठले व पृथ्वी त्या पंक्तीत येऊन बसली.

अशी उठबस पुढेही झाली. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मो येथे पियाझ्झी या ज्योतिर्विदास मंगळ व गुरू यांच्या दरम्यान एक नवा गोल दिसला. त्याचे नाव सेरेस. तो ग्रह म्हणून गणला गेला. १८०७ पर्यंत त्याच प्रदेशात पॅलस, जूनो व वेस्टा असे आणखी तीन सापडले आणि ग्रहांची संख्या अकरा झाली. १८४५ नंतर तर अशा गोलांची रीघच लागली. तेव्हा ज्योतिर्विदांनी त्यांचा निराळा वर्ग केला. तेच लघुग्रह. सेरेसची ग्रहपदवी गेली, ती अशी.

प्लूटोची कथा हिच्याहून फारशी निराळी नाही. १९३० साली अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना तो सापडला आणि नववा ग्रह ठरला. पुढे कळले की, त्याचा व्यास सुमारे २,३८० किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहूनही कमी आहे. १९९२ पासून नेपच्यूनच्या पलीकडे एकामागून एक हिममय गोल सापडू लागले. २००५ साली एरिस सापडला. तो वस्तुमानाने प्लूटोपेक्षाही भारी भरला. आता एरिसला दहावा ग्रह म्हणावे, की प्लूटोचाच पुन्हा विचार करावा, असा पेच पडला.

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदानाने तीन कसोट्या ठरविल्या. ग्रहाने सूर्याभोवती फिरावे. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोलाकार होण्याइतके त्याचे वस्तुमान असावे. आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला असावा, म्हणजे तेथे त्याचेच वर्चस्व असावे. मोठेपणा ही स्वतंत्र कसोटी नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. शनीचा उपग्रह टायटन बुधाहून मोठा आहे. पण तो शनीभोवती फिरतो, म्हणून ग्रह नव्हे.

प्लूटो पहिल्या दोन कसोट्यांस उतरतो, तिसरीस उतरत नाही. त्याच्या परिसरात असंख्य सोबती आहेत. शिवाय नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्या काळात प्लूटोच्या दोन होतात. त्याची चाल नेपच्यूनच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेली आहे. अशा गोलांसाठी बटुग्रह हा वर्ग झाला. त्यात प्लूटो आणि एरिस आले आणि दीर्घकाळ लघुग्रहांत बसलेला सेरेसही आला. म्हणजे त्याच निर्णयाने सेरेसला बढती मिळाली.

हा निर्णय सर्वांस मान्य आहे असे नव्हे. तिसरी कसोटी ग्रहाच्या स्वरूपाविषयी काहीच सांगत नाही, असा आक्षेप काही शास्त्रज्ञ घेतात, आणि तो विचारार्ह आहे. २०१५ साली अंतराळयाने सेरेस व प्लूटो यांच्याजवळ पोहोचली. सेरेसवर क्षारांचे चकाकणारे डाग, तर प्लूटोवर पाण्याच्या बर्फाचे पर्वत आणि गोठलेल्या नायट्रोजनाचे विस्तीर्ण मैदान दिसले. पदवी गेल्याने त्यांची नवलाई उणावली नाही.

म्हणून घरातील मुलाने ग्रह किती असे विचारले, तर आठ असे सांगावे. पण ते कोणत्या कसोट्यांनी आठ ठरले, हेही सांगावे. केवळ संख्या पाठ केलेल्या मुलास उद्या ती बदलली तर आपली फसवणूक झाली असे वाटेल; ज्यास कसोटी ठाऊक आहे, तो नवी कसोटी काय आहे ते विचारील.